सगुणाच्या घराची सरकारी भरपाई

आंबेनळीचा घाट उतरून मी कोकणात जाऊन आले, हे आमच्या वाईच्या आळीत आता सगळ्यांना ठाऊक आहे, कारण मी ते सगळ्यांना सांगितलं आहे. काहींना दोनदा सांगितलं. आता माणसं मला लांबून पाहिलं की दुसऱ्या बोळातून जातात, म्हणून म्हटलं लिहून काढावं. लिहिलेलं कुणी टाळलं तर ते मला दिसत तरी नाही.

जायचं कारण हौसेचं नव्हतं. माझी भाची सगुणा पोलादपूरच्या वर डोंगरातल्या एका वाडीत दिली आहे. बहीण लवकर गेली, त्यामुळे पोर माझ्याच हाताखाली वाढली. तिचा नवरा मुंबईला गिरणीत. सगुणा एक गाय, दोन शेळ्या आणि डोंगरउतारावरची शेती सांभाळून वाडीत एकटी राहते. एकटी म्हणायचं आपलं. शेजारी इतके जवळ की एकीच्या घरात फोडणी पडली की दुसरीला ठसका लागतो.

तर या भागात थंडीत एक टोळी उतरली होती. बंदुका बाळगणारी माणसं. आज या वाडीत भाकऱ्या मागायच्या, उद्या त्या वाडीत कोंबड्या उचलायच्या, आणि जाताना सांगायचं, "पोलिसांना कुणी वाट दाखवलीत तर घर ठेवणार नाही." लोक इतके भ्यायले की दिवेलागणीच्या आतच दारं लावून घ्यायचे. मग एक जमादार आला आणि त्यानं विचारलं, टोळी कुठल्या अंगानं गेली. सगळे जमिनीकडे बघत राहिले. सगुणा म्हणाली, "त्या खिंडीनं." पुढं मी तिला विचारलं, बाई गं, तूच का बोललीस? तर म्हणाली, "मावशे, त्यानं नीट इचारलं. 'बाई' म्हनला." आठवड्याच्या आत टोळी परत आली आणि तिचं घर पेटवून गेली. गाय-शेळ्या तिनं आधी सोडल्या म्हणून वाचल्या. कोंबडा मात्र त्यांनी नेला.

नंतर टोळी धरली गेली. मग सरकारनं दवंडी पिटवली की टोळीनं ज्याचं नुकसान केलं त्याला ते भरून मिळेल. सगुणानं महाडच्या कचेरीत अर्ज दिला. इकडे जावयाचा मुंबईहून निरोप आला: सरकारनं भरपाई दिली तर घर बांधू, नाहीतर पावसाच्या आत जनावरं विकून माझ्याकडे ये. आणि सगुणाला तर मुंबईला जायचं नव्हतं. एकदा गेली होती, चार दिवसांत परत आली. म्हणाली, तिथं पाण्याला बी रांग हाय नि वाऱ्याला बी.

तेव्हा कचेरीत बोलायला कुणीतरी पाहिजे म्हणून मी निघाले. आणि मला सोबत म्हणून माझे धाकटे दीर बापूभाऊजी निघाले. ते विम्याचे एजंट आहेत. मी त्यांना नेलं असं मी म्हणते, ते म्हणतात त्यांनी मला नेलं.

आंबेनळी

महाबळेश्वरापर्यंत मोटारीत माणसं गप्पा मारत होती. आंबेनळीच्या तोंडाशी आल्यावर सगळी एकदम गप्प झाली. रस्ता असा की पुढचं वळण आपल्या पायाखाली दिसतं, आणि त्याखालचं वळण त्याच्याही पायाखाली. ड्रायव्हरनं मोटार थांबवली, पुढच्या जाळीला बांधलेलं लिंबू काढलं, नवं बांधलं, आणि हात जोडून पुन्हा बसला.

"हा याचा विमा," मी भाऊजींना म्हटलं.

"वहिनी, थट्टा नको. हप्ता एक लिंबू, आणि जबाबदारी केवढी बघा," भाऊजी म्हणाले. त्यांचा चेहरा लिंबासारखाच झाला होता, पण विम्याचं नाव निघालं की त्यांना मळमळतसुद्धा नाही. मी मुद्दामच विषय काढला.

"मला एक सांगा, सगुणानं तुमच्या कंपनीचा विमा उतरवला असता तर?"

"तर काही मिळालं नसतं."

"अहो, मग तुम्ही विकता काय?"

भाऊजींनी घसा साफ केला. "आमच्या कागदाच्या पाठीमागं बारीक अक्षरात असतं. लढाई, बंड, दंगल, शस्त्रं घेऊन आलेली टोळी, यांनी काही झालं तर कंपनी बांधील नाही."

"मग उरलं काय?"

"उंदरानं दिवा पाडला तर देतो."

मागच्या बाकावर एक पोलादपूरचा वाणी होता. तो म्हणाला, "आमच्याकडचे उंदीर दिव्यातलं तेल पिऊन टाकतात हो, पाडत नाहीत." मोटारीत हशा झाला आणि एका वळणाचं भय विसरलं गेलं.

भाऊजी मात्र हसले नाहीत. त्यांनी मला समजावून सांगितलं, आणि ते पटण्यासारखं होतं म्हणून तुम्हांलाही सांगते. उंदीर एका वेळी एकच घर जाळतो. शंभर घरांच्या हप्त्यातून त्या एकाचं भागतं. पण टोळी आली, दंगल झाली, की एका दिवसात किती घरं जातील त्याचा अंदाज कुणी करायचा? कंपनी बुडेल. म्हणून ज्याला कंपनी भिते ते सरकारनं अंगावर घ्यायचं. "सरकार थोडंच बुडणार आहे, वहिनी? सगुणाचा विमा सरकारनं उतरवलाय असं समजा. आणि हप्ता? शून्य."

ते ऐकून मला सरकारबद्दल इतकं बरं वाटलं की पुढची दोन वळणं मी डोळे उघडे ठेवून पाहिली.

घाटाच्या मध्यात हवाच बदलते. वर गार वारा, खाली अंगाला चिकटणारा उबारा. आणि डोंगरांचे उतार जागोजागी काळे. मला वाटलं, देवा, टोळीनं किती ठिकाणी जाळलं. वाणी म्हणाला, "बाई, ते राब. भाताची रोपं जिथं टाकायची ती जागा पाला-काटक्या घालून भाजतात. चैत्रात आमचा सगळा मुलूख असाच काळा."

पोलादपूर

सगुणा मोटारीच्या अड्ड्यावर उभी होती. वाळली होती. मला बघून आधी हसली आणि मग रडली. मग भाऊजींच्या डोक्यावरची टोपी घाटात उडाल्याचं कळलं तेव्हा पुन्हा हसली.

ज्या ओळखीच्या घरी उतरलो तिथल्या बाईनं तांदळाची भाकरी, कुळथाचं पिठलं आणि सुकट वाढली. आम्ही जोंधळा खाणारी माणसं. तांदळाची भाकरी मला आजवर आजाऱ्याचं खाणं वाटायची. इथली भाकरी पांढरीशुभ्र, पापुद्रा सुटलेली, इतकी मऊ की बोटांनी उचलावी की नाही असा विचार पडतो. मी तीन खाल्ल्या. त्या बाईनं विचारलं, "तुमच्याकडं भाताला काय म्हणतात?" मी म्हटलं, "सण." तिला ते फार आवडलं, तिनं शेजारणीला हाक मारून ते सांगितलं.

आमच्याकडे बाई दुसऱ्याच्या घरी गेली की आधी घरातल्या पुरुषांची विचारपूस करतात. इथं पुरुष मुंबईला असतात हे धरूनच चाललेलं. विचारतात ते गाईचं. "गाय कशी हाय गो?" सगुणाला रस्त्यात भेटेल ती बाई आधी हे विचारायची, मग घराचं.

"राहतेस कुठं?" मी विचारलं.

"धोंडूबाबाच्या पडवीत. गाय बी तितंच. वाडीतला सगळ्यांत म्हातारा माणूस, त्याचं कुणी मोडत नाय." मग हसून म्हणाली, "मी निघताना मला इचारत व्हता, 'सगुणे, तुझी राख आमी नेऊ का?' म्हनलं, न्या बाबा, मला काय करायचीय."

मी ते ऐकलं आणि सोडून दिलं. राखेकडे कोण लक्ष देतं?

महाड

महाडला सावित्री नदी आहे आणि ती रोज दोनदा आपला विचार बदलते. भरतीचं पाणी खाडीतून वर येतं तेव्हा नदी उलटी वाहताना दिसते. आमची कृष्णा असं करत नाही. मी घाटावर बसून किती वेळ बघत होते.

कचेरीत कारकून पोरगेला होता, पण नीट बोलला. सगुणाचा अर्ज त्यानं काढला. म्हणाला, सर्कलसाहेब स्वतः येऊन जागा बघतील, मग ठरेल. तोपर्यंत जळलेलं जसंच्या तसं राहू द्या. एक वासा हलवू नका.

"आणि पाहणी झाली की सरकार भरपाई देणार," भाऊजी म्हणाले. एजंट एजंटाशी बोलतो तसा त्यांचा सूर.

"देणार ना. आसपासच्या वाड्यांवर पट्टी बसवून वसूल करणार आणि यांना देणार."

भाऊजींची मान जरा पुढं आली. "कुणावर पट्टी बसवून?"

"आसपासच्या वाड्यांवर. टोळीला भाकऱ्या कुणी घातल्या? सगळं पाहून गप्प कोण बसलं? त्यांच्यावर. यांच्या वाडीवर आधी."

मी भाऊजींकडे पाहिलं. ते छताकडे बघत होते. "हप्ता शून्य म्हणाला होतात," मी हळूच म्हटलं.

"उलटा विमा आहे हा, वहिनी," ते म्हणाले. "आधी जळायचं, मग शेजाऱ्यांनी हप्ता भरायचा."

 सगुणानं विचारलं, "अर्ज मागं घेता येतो?"

कारकुनानं मान हलवली. "पाहणीचा हुकूम निघालाय. आता साहेब येणारच. आणि बाई, एक सांगून ठेवतो. पाहणीत अर्ज खोटा निघाला तर खोट्या फिर्यादीचा खटला होतो. तुमचं घर जळलंय ना?"

"जळलंय तर. कोळसा झालाय," सगुणा म्हणाली.

"मग झालं. नुसतं दाखवायचंय."

हुकमाची नक्कल "उद्या या" म्हणून दुसऱ्या दिवसावर गेली, म्हणून मधल्या वेळात आम्ही दासगावच्या बंदरावर गेलो. तिथून मुंबईकडे जाणाऱ्या माणसांपैकी कुणाकडे तरी जावयाला निरोप द्यायचा होता. निरोप काय द्यायचा हे सगुणाला ठरवता येईना. पट्टी घ्यावी तर ज्यांच्या पडवीत ती निजते त्यांच्याच चुलीतून पैसा काढायचा. न घ्यावी तर घर नाही, आणि घर नाही म्हणजे मुंबई. शेवटी तिनं सांगितलं, "म्हनावं, मावशी आलीय, गाय बरी हाय." याला निरोप म्हणतात का? पण माणूस घेऊन गेला.

ओहोटी लागली होती. भाऊजी होडी जवळून बघायला म्हणून चिखलात उतरले. खाडीच्या चिखलाला आपण चिखल म्हणतो ते चुकीचं आहे. तो लोण्यासारखा असतो आणि तोंड मिटतो. भाऊजी आले, पण त्यांचा उजवा बूट आला नाही. दोन कोळणी टोपल्या खाली ठेवून बघत होत्या.

"आता भरतीला सुटंल नि ओहोटीला जाईल तो बाणकोटला, दर्याच्या तोंडाशी," एक म्हणाली.

"नवा होता हो," भाऊजी म्हणाले.

"मग दुसरा पण टाका की. ज्याला सापडंल त्याला एकानं काय करायचं?"

मी विचारलं, बुटाचा विमा होता का. भाऊजी पायाचा चिखल पुसत राहिले. सगुणा पदरात तोंड घालून हसत होती. ती इतकी हसलेली मी त्या प्रवासात पहिल्यांदाच पाहिली, त्यामुळे तो बूट सत्कारणी लागला असं माझं मत आहे. भाऊजींनी महाडच्या बाजारात कोल्हापुरी जोडा घेतला आणि बाकीचा प्रवास ते जरा पाय आपटत चालले.

वरची वाडी

पोलादपूरपासून पुढं पायवाट. करवंदीच्या जाळ्या हिरव्या फळांनी भरलेल्या, मध्येच एखादा पांगारा लाल पेटलेला. चढ असा की मी दर थोड्या वेळानं निसर्ग बघायला थांबायची. भाऊजींना कळत होतं मी कशाला थांबते ते, पण तेही माझ्याबरोबर निसर्ग बघत होते.

सगुणा पुढं होती. वाडीच्या कडेच्या फणसापाशी पोचली आणि मटकन खाली बसली.

मला वाटलं, घेरी आली. धावत गेले. ती बोट दाखवत होती. जिथं तिचं जळकं घर असायला हवं होतं तिथं एक घर उभं होतं. नवं. मेढी म्हणजे लाकडी खांब रोवलेले, आढं चढलेलं, कारवीच्या कुडांना शेणमातीचा ओला गिलावा, आणि छपरावर चार-पाच माणसं गवत शाकारत होती. खाली बाया भारे फेकत होत्या. आढ्यावर घोड्यावर बसावं तसा एक म्हातारा बसला होता. तोच धोंडूबाबा.

"आलीस? हात-पाय धू नि ये. मागल्या अंगाला गवत कमी पडतंय."

"बाबा, हे काय केलंत?"

"घर. दुसरं काय दिसतंय?"

"जळकं हलवायचं नव्हतं. सर्कल येनार हाय बघायला. कोळसा कुठं हाय?"

"कोळसा?" म्हाताऱ्यानं खाली बाकीच्यांकडे पाहिलं. "रे, कोळसा म्हनती ही. अगो, राख नेऊ का इचारलं तवा न्या म्हनलीस. नेली. ज्यानं त्यानं आपापल्या राबावर टाकली. घराची राख म्हंजे सोनं भाताला."

"सगळी?"

"तुझ्या वाटनीची तुझ्या राबावर टाकलीय गो. आमी काय लबाड हाओत?"

सगुणा हसावं की रडावं अशी उभी. तिथल्या एका बाईनं मला समजावलं. या डोंगरात घर जळलं की ते तसंच ठेवायचं नाही. प्रत्येक घरानं लाकूड, गवत आणि माणूस द्यायचा. ज्याचं घर त्यानं पुढं प्रत्येकाच्या कामाला फिरून जायचं. याला सावड म्हणतात. लावणी सावडीनं, कापणी सावडीनं, तसं घरही. टोळीच्या धाकानं इतके दिवस राहिलेलं हे काम, सगुणाला चकित करायचं म्हणून, ती महाडला असतानाच त्यांनी उरकून टाकलं. शाबासकीच्या आशेनं सगळे आमच्याकडे बघत होते.

भाऊजी खाली दगडावर बसले आणि त्यांनी सगळ्यांना कचेरीतली गोष्ट सांगितली. पट्टीचं सांगितलं. खोट्या फिर्यादीचंही सांगितलं. छपरावरचे हात थांबले.

"म्हंजे," धोंडूबाबा म्हणाला, "घर जळलं असंल तर आमी पट्टी भरायची. नि घर जळलं नसंल तर हिच्यावर खटला."

"असंच."

"नि घर जळलं, नि आता जळलेलं नाय, तर?"

"त्याचं मला माहीत नाही," भाऊजी म्हणाले. आणि विम्याच्या बाबतीत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी त्याआधी कधी ऐकलेलं नाही.

कुणीतरी म्हणालं, मोडू या का परत? धोंडूबाबानं त्याच्याकडे असं पाहिलं की तो मुकाट्यानं गवत बांधायला लागला.

सर्कलसाहेब

दुसऱ्या दिवशी ऊन चढायच्या वेळेला सर्कलसाहेब तट्टावरून आले. मागं पट्टेवाला. साहेब गोरेगोमटे, पुणेरी बोलणारे, अंगात पांढराशुभ्र कोट. त्या कोटाकडे बघूनच वाडीतल्या पोरींनी हात धुतले. साहेबांनी ताक प्यायलं, आणखी प्यायलं, आणि विचारलं, "जळालेलं घर कुठं आहे?"

धोंडूबाबानं नव्या घराकडे हात केला.

"हे नवं आहे."

"व्हय."

"मी जळालेलं विचारतोय."

"ते ह्याच्याच जागी व्हतं, सायेब."

"मग त्याचा कोळसा, राख?"

धोंडूबाबानं हात फिरवून सगळा डोंगरउतार दाखवला. उतारावर जिथं तिथं राब भाजलेले. काळ्यात काळं.

"यातली या बाईंच्या घराची कुठली?"

"ती आता कशी वळखू येनार? भाताला वळखंल."

साहेबांनी रुमालानं मान पुसली. मग सगुणाकडे वळले आणि आवाज बदलला. "बाई, टोळीनं घर जाळलं म्हणून तुम्ही सही-अंगठ्यानिशी लिहून दिलंत. मी इतका डोंगर चढून आलो तर घर धडधाकट उभं. याला काय म्हणतात ठाऊक आहे?"

सगुणानं खाली पाहिलं नाही.  मला एकदम भीती वाटली. इतका वेळ ही सगळी गंमत चालली आहे असं मी धरून होते. पण हा माणूस चांगला असूनही कागदावर जे दिसेल तेच लिहिणार, आणि कागदावर माझी पोर खोटी ठरणार, असं मला स्पष्ट दिसलं.

"जळलं व्हतं, सायेब," सगुणा म्हणाली. "माझ्या डोळ्यांदेखत."

"दाखवा."

"आत तरी या," मी म्हटलं. दुसरं काही सुचेना. आमच्याकडे कुणी रागावलं की त्याला आत बोलावतात, तेवढंच.

साहेब वाकून आत शिरले. आत गार आणि अंधारं होतं, ओल्या मातीचा वास. त्यांनी चारी बाजूंना पाहिलं. चढानं दमलेले होते, मधल्या मेढीला पाठ टेकून क्षणभर उभे राहिले. मग "काही नाही इथं" म्हणून बाहेर आले आणि तट्टाकडे चालू लागले.

बाया एकमेकींकडे बघायला लागल्या. एकीनं तोंडावर पदर घेतला. साहेबांच्या कोटावर पाठभर, मानेपासून कमरेपर्यंत, काळाकुट्ट पट्टा उमटला होता.

"साहेब, थांबा," भाऊजी म्हणाले. कोल्हापुरी जोडा आपटत ते पुढं झाले आणि त्यांनी त्या पाठीकडे असं बघितलं जसं सोनार दागिन्याकडे बघतो. "तुमच्या कोटावर कोळसा लागलाय."

साहेबांनी कोट काढला. बघितला. त्यांच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी लिहीत नाही. तो कोट ज्या बाईनं धुतला असेल तिची मला दया आली. "चुलीची काजळी," ते म्हणाले. "प्रत्येक खेडवळ घरात असते."

तेव्हा मला सुचलं. "अहो साहेब, चूल अजून पेटलीय कुठं? वास्तू व्हायचीय. दूध उतू घातल्याशिवाय या घरात काडीसुद्धा ओढायची नाही. बघा तरी चुलीत हात घालून."

पट्टेवाल्याला त्यांनी आत पाठवलं. तो आत वाकला, आणि मातीनं भरलेलं बोट घेऊन बाहेर आला. "ओली आहे साहेब. चूल कच्ची आहे."

मग साहेब पुन्हा आत गेले, आम्ही मागोमाग. त्यांनी खिशातला चाकू काढून मेढी खरवडली. एक अंग पिवळं, एक अंग कोळसा. सगळ्या मेढींचं तसंच.

"जळकी लाकडं परत वापरलीत?" त्यांनी धोंडूबाबाला विचारलं.

"आइनाच्या मेढी, सायेब. वरवर जळाल्या, आत घट्ट हाएत. नि जळक्या लाकडाला वाळवी लागत नाय."

"मग जळकी बाजू आत का?"

"भाएर ठेवली तर येनारा-जानारा बघनार. दिष्ट लागंल घराला."

साहेबांनी कोट हातावर टाकून ती मेढ पुन्हा एकदा खरवडली. मग दारातल्या उजेडात बसून लिहायला घेतलं. टोळीनं घर जाळल्याचं दिसून आलं, असं त्यांनी मोठ्यानं म्हणत लिहिलं. सगुणानं डोळे मिटले आणि उघडले.

"आता नुकसान," साहेब म्हणाले. "यांच्या वाडीवर पट्टी बसेल त्याप्रमाणं..."

 कुणी "नको" म्हणालं नाही, हे मला विशेष वाटलं. गवताचे भारे बांधणारे बांधत राहिले. जणू काय बसेल ते बसू दे.

"सायेब," सगुणा म्हणाली, "टोळीनं जाळलं हे लिवलंत ते पुसू नका. मी जमादाराला खरं सांगितलं नि त्याच्यापायी घर गेलं, ते कागदावर ऱ्हावं. पन भरपाई झाली माझी."

"कुणी केली?"

तिनं वर बोट केलं. छपरावरून चार डोकी खाली वाकून ऐकत होती ती घाईघाईनं मागं झाली.

"या कागदात छपरावर बसलेल्यांचा रकाना नाही, बाई."

भाऊजी पुढं सरकले. "साहेब, मी या धंद्यातला आहे. एका नुकसानीची भरपाई दोनदा घेता येत नाही, हा विम्याचा नियम. घर जसं होतं तसं उभं राहिलं, मागणी संपली. बाईंना दिलंत तर नियम मोडेल. आणि ज्यांनी भरलं त्यांच्याकडूनच पुन्हा वसूल केलंत, तर एका घरासाठी हप्ता दोनदा घेतल्यासारखं होईल."

माझे दीर इतकं कामाचं बोलू शकतात हे मला ठाऊक नव्हतं. त्यांनाही नसावं, बोलून झाल्यावर ते जरा घाबरलेले दिसले.

साहेब हसले. त्या दिवशी पहिल्यांदाच. त्यांनी लिहिलं: नुकसानीची पूर्ण भरपाई झालेली आढळली, सबब पट्टीची जरूर नाही. मग सगुणाला विचारलं, "काहीच राहिलं नाही ना?"

"कोंबडा," धोंडूबाबा म्हणाला.

"कोंबडा राहू दे बाबा," सगुणा म्हणाली.

साहेब गेले. काळा पट्टा त्यांनी घडीच्या आत घातला होता, अगदी त्या मेढींसारखा. वाटेच्या वळणापर्यंत सगळे गंभीर उभे होते. मग जे हसू फुटलं त्यानं गाय दावं तोडायला लागली.

दूध उतू घातलं, चूल पेटली, आणि मी निरोपाचं विचारलं. जावयानं म्हटलं होतं ना, सरकारनं दिलं तर.

"सांगावा धाडते," सगुणा म्हणाली. "भरपाई मिळाली म्हनून. कुनाकडून ते हितं येऊन बघ म्हनावं. आल्यावर दोन दिस भारे वाहायचेत तेबी सांगते."

निघायच्या दिवशी

आम्ही निघालो त्या सकाळी सगुणा आम्हांला पोचवायला येईल असं मी धरून चालले होते. ती कोयती कमरेला खोचून उभी. धोंडूबाबाचा गोठा शाकारायचा होता, सावडीतला तिचा पहिला दिवस.

"मावशे, मी फणसापातूर येते. मंग कामाला."

भाऊजींनी विम्याची वही काढली नाही, पण काढल्यासारखा चेहरा केला. "हा तुझा हप्ता म्हणायचा. किती दिवस भरायचा?"

"घर हाय तवर," ती म्हणाली, आणि तिला त्यात काही विशेष वाटलं नाही.

मला एकाएकी खाली उतरावंसं वाटेना. मी भाऊजींना म्हटलं, मोटार उद्याही असते. ते आधीच जोडा काढून दगडावर बसले होते.

गोठ्यापाशी गवताचे भारे पडले होते. मी एक उचलायला गेले तर धोंडूबाबानं अडवलं. पाहुणीला भारा देत नाहीत म्हणाला. सावडीत असंल त्यालाच भारा.

"मग मला घ्या सावडीत."

म्हातारा विचारात पडला. "तुमचं घर कशाचं?"

"दगडाच्या भिंती. वर कौलं."

"म्हंजे जळनार नाय." त्याला माझ्याबद्दल वाईट वाटलेलं दिसलं. मग म्हणाला, "कौलं पावसाच्या आदी चाळाया लागतात ना?"

"दर वर्षी. माणूस मिळत नाही."

"किती उंच घाट तो?"

"तुम्ही रोज चढता त्याहून सोपा."

त्यानं वाकून भारा उचलला, माझ्या डोक्यावर ठेवला, दोन्ही हातांनी नीट बसवला, आणि आम्ही गोठ्याकडे चालायला लागलो.